पगार देणाऱ्याचे मत

गोव्यातल्या फोंड्यात माझे बांधकाम साहित्याचे छोटे दुकान आहे. निवडणूक जवळ आली की गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दिवसभर एकच प्रश्न ऐकावा लागतो, ‘बाब, यंदा कोण?’ विचारणारा कधी गिऱ्हाईक असतो, कधी सिमेंटची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर, तर कधी दुकानातच काम करणारा मुलगा. पहिल्या दोघांशी मी काय बोलावे हा माझ्या आवडीनिवडीचा भाग झाला. तिसऱ्याला मात्र या प्रश्नाचे उत्तर मी देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दुकान काढले म्हणून नागरिकत्व संपले काय, असे काही व्यापारी मित्र मला विचारतात. ते संपत नाही, आणि कोणत्याही कायद्याने मालकाचे तोंड बांधलेले नाही. पण जो माणूस महिन्याच्या मध्यावर मुलीच्या फीसाठी माझ्याकडे उचल मागतो, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, चार दिवस जास्त रजा मिळावी म्हणून आधीपासून शब्द टाकून ठेवतो, त्याच्यासमोर मी एखाद्या उमेदवाराची स्तुती केली, तर ती त्याच्या कानी निव्वळ मत म्हणून पडत नाही. तो मान डोलावतो. ती मान पटल्यामुळे डोलली की पगारामुळे, हे मला कधीही कळणार नाही, आणि मोठ्या कंपनीत असतो तसा माणूस आणि मालक यांच्यामधला अधिकाऱ्यांचा थर छोट्या दुकानात नसल्यामुळे हा दबाव थेट त्याच्या अंगावर येतो.

गोव्याला तर हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. ज्याच्या जमिनीत आपले घर उभे आहे त्या भाटकारासमोर मुंडकाराला राजकारणात स्वतःचे मत मांडणे किती अवघड होते, हे आमच्या आजोबांच्या पिढीने अनुभवले आहे. डिसेंबर 1963 च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत बहुजन समाजाने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सत्तेवर बसवले आणि काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, तेव्हा त्याच विधानसभेत असलेल्या दमणची तेवढी एक मिळाली. त्या निकालाची कारणे अनेक सांगता येतील, पण कुळा-मुंडकारांनी स्वतःच्या मनाने मत दिले हे त्यांतले मोठे कारण आहे, असे मी मानतो. त्या पक्षाचे नेते आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, हे मला कोणीतरी नक्कीच ऐकवील. ते खरेच आहे, परंतु ते उघडपणे राजकारणात उतरले आणि लोकांसमोर मते मागायला गेले. गल्ल्याआडून नोकरांना सूचना देणे याहून अगदी वेगळे आहे.

शिवाय आपले मतदारसंघ लहान आहेत. चाळीस आमदारांच्या या राज्यात एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आसपास मतदार असतात, आणि 2022 मध्ये सांत आंद्रेचा निकाल अवघ्या 76 मतांनी लागला. एवढ्या चुरशीत दुकानातल्या चार-पाच माणसांच्या घरची मतेही कार्यकर्ते मोजून ठेवतात, आणि ‘तुमची माणसे आमच्याकडे वळवा’ असे मालकालाच सांगायला येतात. अशा वेळी मी चहा देतो आणि माणसांचे मत माझ्या हातात नाही, असे स्पष्ट सांगतो.

मालकाचे खरे कर्तव्य वेगळेच आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 135-बी नुसार मतदानाच्या दिवशी मतदार असलेल्या कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते, आणि रोजंदारीवरचा माणूसही त्यात येतो. मोडल्यास दंड 500 रुपयांपर्यंतच असल्यामुळे अनेक जण ते मनावर घेत नाहीत, अर्धे शटर उघडे ठेवून दुपारपर्यंत धंदा करतात. हे मला फार खटकते. माझ्याकडचा माल चढवणारा एक गडी बेळगाव जिल्ह्यातला आहे. त्याचे मत तिकडे असते, म्हणून तिकडच्या मतदानाला मी त्याला जाऊ देतो आणि त्या दिवसाचा पगार कापत नाही.

मात्र सर्वच विषयांवर गप्प बसावे, असे मी म्हणत नाही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले, तेव्हा डिचोली-सांग्याच्या पट्ट्यात ट्रकवाले, गॅरेजवाले, चहावाले यांच्या पोटावरच पाय आला. ज्याचा ट्रक दारात उभा राहून गंजतो आहे, त्याने खाणधोरणावर बोलू नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने जरूर बोलावे, ग्रामसभेत उभे राहून बोलावे, वर्तमानपत्राला स्वतःच्या नावाने पत्र लिहावे. मीही पालिकेच्या कारभाराविषयी तसे लिहिले आहे. फक्त त्या पत्राखाली दुकानाचे नाव नसावे, कारण ते नाव माझ्या एकट्याचे नाही, तिथे राबणाऱ्यांचेही आहे, आणि त्यांतला एक जण माझ्या अगदी विरुद्ध पक्षाचे काम करतो. प्रचाराच्या दिवसांत तो संध्याकाळी तासभर लवकर सुटण्याची परवानगी मागतो. कोणाच्या प्रचाराला जातोस, हे न विचारता मी ती देतो.