आमची वाटचाल : तीन ‘के’ची पाटी

आमच्या वर्कशॉपच्या दारात उसाचा ट्रक, बोअरवेलची गाडी नाहीतर हैदराबादकडे निघालेला टँकर उभा असतो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र चादरीखाली एक लाल पोर्शे आहे, जर्मन स्पोर्ट्स कार. (चादर अर्थातच सोलापुरी.) नवीन गिऱ्हाईक चादरीचं टोक उचलून बघतंच आणि विचारतं, “शेठ, धंदा ट्रकचा, मग ही कशाला?”

वडील कापडगिरणीत फिटर होते. रिंगफ्रेमची, म्हणजे सूत कातायच्या मशीनची, चाती नीट फिरते की हलते, हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले. मी १९९४ मध्ये सोलापुरात अक्कलकोट रोडला भाड्याच्या शेडात डिझेलचं काम सुरू केलं. टर्बोचे ट्रक तेव्हा नुकते वाढायला लागले होते. ड्रायव्हरच्या तक्रारी ठरलेल्या: पिकअप नाही, काळा धूर मारतोय, ऑइल पितोय. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर टर्बोचं एक चाक फिरतं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक इंजिनात हवा कोंबतं. मिनिटाला लाखभर फेरे, आणि शाफ्ट तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. वडिलांनी पहिला शाफ्ट हातात घेऊन उजेडाला धरला आणि म्हणाले, “ही चातीच की रे. फक्त हिला सूत नाही.”

पहिल्याच हंगामात मी एक टर्बो बसवला आणि त्यात ऑइल न ओतताच सेल्फ मारला. ट्रक टेंभुर्णीपर्यंतसुद्धा गेला नाही. मालक तोंडावर काही बोलला नाही, पण परत कधी आलाही नाही. तेव्हापासून आमच्याकडे टर्बोच्या तोंडात ऑइल ओतून, शाफ्ट बोटाने फिरवून पाहिल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही, असा नियम आहे. तो नियम मला एका गिऱ्हाइकाच्या किमतीला पडला.

त्या काळात हाताखालून गेलेल्या कित्येक टर्बोंवर तीन ‘के’ची पाटी असायची. क्यून्ले, कोप आणि काउश ही जर्मनीतली कंपनी होती. चेन्नईकडे तिच्याच तंत्रावर ट्रकचे टर्बो बनत. मला ती पाटी म्हणजे ट्रकचीच वाटायची.

२०११ मध्ये होटगी रोडच्या एका बंगल्यातून निरोप आला. इंग्लंडहून परतलेल्या डॉक्टरांनी येताना रीतसर ड्युटी भरून आणलेली गाडी नऊ वर्षं उभी होती. पोर्शे ९४४ टर्बो, १९८६ ची. बॉनेट उघडून खाली वाकलो, फडक्याने काजळी पुसली, आणि तीच पाटी दिसली. तीन ‘के’. शाफ्ट बोटाने हलेना; आत ऑइलचा कोळसा झाला होता. आकार वेगळा, पण बांधणी मी हजारदा खोललेली.

मग वाचत गेलो. बीएमडब्ल्यूची १९७३ ची २००२ टर्बो, पुढच्या गाडीच्या आरशात सरळ वाचता यावं म्हणून जिच्या नाकावर ‘टर्बो’ उलट्या अक्षरांत रंगवलं होतं, तिच्यातही तीन ‘के’चाच टर्बो. तेलाच्या टंचाईत सापडली बिचारी, जेमतेम १,६७२ निघाल्या. १९७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या पोर्शे ९११ टर्बोतही तोच, तीन लिटरचं, २६० अश्वशक्तीचं इंजिन पार मागच्या चाकांच्याही मागे. ९११ चं नाव मोठं आहे, पण माझा जीव ९४४ वरच. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन दोन्हीकडे जवळपास सारखं. गाडी वळणावर आज्ञाधारक पोरासारखी वागते.

डॉक्टरांनी किंमत जुन्या ट्रकएवढी सांगितली. बायकोने ट्रकच घ्या म्हणून सांगितलं. तिचं ऐकलं नाही.

किल्ली लगेच फिरवली नाही, तेवढं बरं केलं. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड जातं. बेल्ट जर्मनीहून येईपर्यंत दोन महिने गेले. एका पार्टवाल्याने ओरिजिनल म्हणून दिलेला टर्बोचा कोअर, म्हणजे आतला शाफ्टचा गाभा, नकली निघाला. पाटी हुबेहूब, शाफ्ट मात्र बॅलन्सिंगला टिकेना. शेवटी आमचाच जुना शाफ्ट घासून-तोलून बसवला.

आता नव्या गिऱ्हाइकाच्या ‘ही कशाला?’चं उत्तर. पहाटे तुळजापूरचा घाट लागतो. इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या खाली ही गाडी साध्या मोटारीसारखी. पाय दाबला तरी नुसती ऐकून घेते. याचं एक कारण मला खोलल्यावर कळलं. धूर निघतो इंजिनाच्या उजवीकडून, टर्बो बसवलाय डावीकडे. तेवढा फेरा मारून तो टर्बोच्या चाकापर्यंत पोचेस्तोवर आपण थांबायचं. मग बारीक शिट्टी सुरू होते आणि पाठ सीटला चिकटते. नव्या गाड्यांत हा खोळंबा जवळजवळ संपवलाय. मला तोच आवडतो. ट्रकच्या टर्बोला मी तीस वर्षं राबताना पाहिलंय, मूड असलेला टर्बो हा पहिलाच.

धंद्याचं सांगायचं तर बीएस सहा (धुराचे नवे सरकारी नियम) आल्यापासून टर्बो खोलण्यापेक्षा अख्खा बदलण्याकडे कल वाढलाय. हाताखाली सात माणसं आहेत. बॅलन्सिंग मशीन मुलगी सांभाळते, तिचा कान आजोबांवर गेलाय.

ट्रकवाल्यांना मी नेहमी सांगतो, लांबून आलात की दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, टर्बो निवू द्या, मग बंद करा. कुणी ऐकत नाही. पोर्शेवाल्यांनी माणसाचा हा स्वभाव ओळखून ९४४ मध्ये पाण्याचा एक छोटा इलेक्ट्रिक पंप दिलाय. किल्ली काढल्यावरही तो काही वेळ टर्बोला पाणी पाजत राहतो. परवा घाटातून येऊन गाडी शेडमध्ये लावली, किल्ली खिशात टाकली. अकलूजचा एक ड्रायव्हर चहा पीत उभा होता. त्याने बॉनेटपाशी कान नेला.

“शेठ, आत काहीतरी चालूच राहिलंय की.”

“राहू दे,” म्हटलं, “चहा संपव तोवर.”