शिडशिडीत माणसाचे पाच आकडे

उपकेंद्रावर तपासणी असली की जाडजूड माणसांना गावच रांगेत पुढं ढकलतं. बारीक माणूस आलाच तर कुणाच्या तरी सोबतीला. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. त्या सकाळी चाळिशीतला एक गृहस्थ असाच थोरल्या भावाला घेऊन आला होता.

थोरला शेतकरी, वजन 84 किलो, दोन म्हशींची धार काढून आलेला. धाकटा विकास सोसायटीत कारकून, वजन 61, उंची 168 सेंटिमीटर. एरवी आम्ही तीस वर्षांवरच्यांचा रक्तदाब आणि बोटातून साखर बघतो. त्या दिवशी रक्तातली चरबीही तपासायची होती, म्हणून सगळ्यांना उपाशीपोटी बोलावलं होतं. धाकट्याला विचारलं, "चहा झाला का?" तर म्हणाला, "दादानं नाही घेतला, मग मी एकटा कसा घेऊ?" म्हटलं, मग तुम्हीही रक्त देऊनच जा. रांगेतल्या एका आजोबांनी लगेच सुनावलं, "त्याला काय धाड भरलीय, बाई?"

आशाताईंनी टेप काढली. कमर मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची, श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. पुरुष हटकून पोट आत ओढतात. बायकांच्या निऱ्यांवरून टेप लावली तर माप चुकतं, आणि आडोसा नसेल तर त्या मोजू देत नाहीत. म्हणून खोलीत पडदा लावल्याशिवाय मी सुरुवातच करत नाही. धाकट्याच्या अंगावर शर्ट सैल लोंबत होता. कमर भरली 93 सेंटिमीटर. ताईंनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मोजली. 93च.

रक्तदाब 134/86. नंतर प्रयोगशाळेतून कागद आले: उपाशीपोटी साखर 108, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड 212, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल 34.

पोट, रक्तदाब, साखर आणि चरबी एकत्र बिघडतात त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तो ठरवायचे निकष पाच: कमर आपल्याकडच्या पुरुषांत 90 आणि बायकांत 80 किंवा त्याहून जास्त, रक्तदाब 130/85 पासून वर, उपाशीपोटी साखर 100 पासून वर, ट्रायग्लिसराइड 150 पासून वर, एचडीएल पुरुषांत 40 आणि बायकांत 50 च्या खाली. पाचातले तीन जुळले तरी पुरे. धाकट्याचे पाचही जुळत होते. थोरल्याची फक्त कमर जास्त होती, बाकी चारही आकडे स्वच्छ.

मला खरी काळजी वाटली ती पुढच्या गोष्टीची. माझ्या रजिस्टरात हा माणूस निरोगीच ठरला असता. उच्च रक्तदाब म्हणून आम्ही 140/90 पासून नोंद करतो, मधुमेह उपाशीपोटी 126 पासून. त्या रेघा रोग पकडायला आखल्यात आणि त्या कामाला त्या योग्यच आहेत. पण हा माणूस प्रत्येक रेघेच्या जरासा अलीकडं उभा होता. एकेक आकडा सुटा बघितला की आपण म्हणतो, थोडं जास्त आहे, बघू. पाचही एकत्र बिघडले की हृदयविकाराचा आणि मधुमेहाचा धोका कितीतरी वाढतो, आणि ते एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही.

अशी माणसं आपल्या देशात थोडीथोडकी नाहीत. भारतातले शंभरावर अभ्यास एकत्र करून 2020 मध्ये काढलेला अंदाज सांगतो की प्रौढांत सुमारे 30 टक्के लोकांना मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. पुरुषांत 26, बायकांत 35. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले: मधुमेह 11.4 टक्के, त्याच्या उंबरठ्यावर आणखी 15.3, आणि सुटलेलं पोट 39.5. मधुमेहावर सगळे बोलतात. पोटाचा आकडा त्याच्या तिपटीहून मोठा आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

बारीक दिसणाऱ्या माणसात हे कसं, याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपल्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. वजनकाट्याला यातलं काही दिसत नाही.

कागद घेऊन मी धाकट्याच्या घरी गेले. आधी त्यांना वाटलं, भावांचे कागद बदलले असणार. मी एकेक आकडा वाचून दाखवला. मग दिवसभराचं विचारलं. बैठं काम, सोसायटीत येईल त्याच्याबरोबर साखरेचा चहा, चहाबरोबर खारी नाहीतर बटर, रात्री दहाला भाताचं जेवण. "पण मॅडम, वजन कुठून कमी करू? आहे तेच 61." प्रश्न रास्त होता. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं 2006 मध्ये दाखवलंय की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी चालणं आणि खाणं सुधारलं तर मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटतं, आणि तेही वजन फारसं न उतरता. त्यांना मी हेच सांगितलं: वजन विसरा, कमर आणि रक्त बघा. चहा बिनसाखरेचा, खारी-बटर बंद, जेवण लवकर, सोसायटीला चालत.

पुढच्या तपासणीत कमर 89, ट्रायग्लिसराइड 158, साखर 101. एचडीएल अजून 36 वरच. ते सावकाशच हलतं. या खेपेला ते बायकोला घेऊन आले होते. तिचं वजन 52, आणि "मला कशाला?" हा प्रश्न तिचाही होता. पडद्यामागं मोजली, कमर 84. ट्रायग्लिसराइड 171, एचडीएल 41. तिचे तीन जुळले. तिला चालायला वेळ कुठला काढायचा, यावर आशाताई, मी आणि तिची सासू बराच वेळ बोलत होतो. सासूबाईंनी संध्याकाळची भाकरी आपल्याकडं घेतली. आता या तालुक्यात काट्यावर बारीक ठरलेल्यांचीही कमर मोजायची, असा प्रस्ताव मी मासिक बैठकीत मांडलाय.