रिचर्ड वॉकरच्या मागावर: हिचिन ते रेडमायर

रिचर्ड वॉकर हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं असायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये मात्र तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्या पन्नाशीपुढच्या कुठल्याही माणसाजवळ ते काढा आणि पुढचा अर्धा तास मोकळा ठेवा. वॉकर १९१८ साली जन्मला, १९८५ मध्ये गेला. कार्प हा मासा गळाने ठरवून धरता येतो, हे त्याने इंग्रजांना दाखवून दिलं. तोवर मोठा कार्प गळाला लागणं हा निव्वळ नशिबाचा भाग समजत. लागलाच तर तो दोरी तोडून जाणार, हेही गृहीत असायचं.

कार्प म्हणजे आपल्या रोहू, कटला, मृगळ यांचा भाऊबंद. आपल्याकडे शेततळ्यांत आणि धरणांत सायप्रिनस म्हणून सोडतात आणि बाजारात विकतात, तो तर नेमका हाच मासा. मी उजनीच्या फुगवट्याच्या काठचा. कणकेची गोळी लावून गळ टाकायचं वेड तिथलं. नोकरीने लंडनच्या उत्तरेला असलेल्या ल्यूटनला आणलं, तेव्हा वेडही सामानाबरोबर आलं. वॉकरचा मुलूख ल्यूटनहून हाकेच्या अंतरावर आहे हे कळल्यावर एका उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन निघालो. तिला मासे खाण्यात रस आहे, धरण्यात अजिबात नाही. ती आली ती हिचिनच्या बाजारासाठी.

हिचिन हे वॉकरचं जन्मगाव. गावातून हिझ नावाची नदी वाहते. नदी म्हणायचं ते इंग्रजांच्या मनाचा मोठेपणा म्हणून. उन्हाळ्यातला आपला ओढाही तिला मागे टाकेल. सेंट मेरीज चर्चसमोर ती अडवून पसरट केली आहे. तिथे बदकं होती आणि त्यांना पाव टाकणारी पोरं होती. वॉकरच्या नावाची पाटी काही मला दिसली नाही. जुन्या गल्ल्यांतून फेरफटका मारला, बायकोने बाजारातून चीज घेतलं आणि आम्ही लेचवर्थच्या रस्त्याला लागलो.

लेचवर्थ बघायला लोक येतात ते १९०३ साली वसवलेलं पहिलं उद्याननगर म्हणून. माझं कारण वेगळं होतं. इथल्या लॉयड्स नावाच्या कंपनीत, गवत कापायची यंत्रं बनवण्याच्या धंद्यात, वॉकरने नोकरी केली. त्याआधी तो केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला गेला होता, तेवढ्यात युद्ध आलं, आणि फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात तो रडारच्या कामाला लागला. म्हणजे हा गृहस्थ मुळात यंत्रवाला. नदीकाठी बसून कविता सुचणाऱ्यांतला नव्हे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढचं गाव आर्लसी. विटांसाठी आणि सिमेंटसाठी खणलेल्या खाणी पुढे पाण्याने भरल्या, त्यांची इथे तळी झाली. पाणी खोल. वॉकर इथे पर्च नावाचा मासा धरायला यायचा. काठापासून लांब आणि खोलवर आमिष पोचवायचं, तर शिशाचं वजन हवेत गोते न खाता सरळ जायला हवं आणि दोरीला पीळ पडायला नको. त्यासाठी त्याने नासपतीच्या आकाराचं वजन घडवलं आणि त्याच्या निमुळत्या टोकात फिरती कडी बसवली. गावाच्या नावावरून त्याला आर्लसी बॉम्ब म्हणतात आणि तो आजही मासेमारीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. माझ्या डबीत चार-पाच पडलेले असतात. चिमटीत धरून दोरी ओढली की वजन जागचं हलत नाही, वरची कडी मात्र गिरकी घेते. एवढीच करामत. १९८७ पासून इंग्लंडात लहान वजनांना शिसं वापरायला बंदी आली, कारण पडलेलं शिसं गिळून राजहंस मरायचे. त्यामुळे हलके बॉम्ब आता दुसऱ्या धातूचे असतात. आकार तोच.

त्याच रस्त्यावर एका दुकानात मी उगीचच काठ्या हाताळत उभा होतो. कार्पच्या प्रत्येक काठीवर मुठीच्या वर एक आकडा छापलेला असतो: २.७५ पौंड, ३ पौंड, ३.५ पौंड. हा टेस्ट कर्व्ह. काठीच्या शेंड्याला दोरी बांधून ओढत जायचं, शेंडा मुठीशी काटकोनात वाकला की थांबायचं. तिथवर यायला जेवढं वजन लागलं तो हा आकडा. ही मोजणी रूढ केली वॉकरने. त्याला पाचाने गुणलं की साधारण किती ताकदीची दोरी त्या काठीला शोभेल ते कळतं. त्याच्या आधी काठी घेताना दुकानदार ‘जरा कडक आहे’ किंवा ‘लवचिक आहे’ म्हणायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं.

दुपारी पैसे भरून गळ टाकता येतो अशा एका तळ्यावर गेलो. अशी तळी इंग्लंडात गावोगाव आहेत. काठाला हिरवे तंबू, प्रत्येक तंबूपुढे आडव्या मांडलेल्या तीन-तीन काठ्या, आणि प्रत्येक काठीखाली एक लुकलुकणारी डबी. मासा आमिष ओढायला लागला की डबी ओरडते. डुलकी काढणारा माणूस धडपडत उठतो. हे यंत्रही मूळ वॉकरच्या डोक्यातलं. त्याच्या डबीत एका बारीक तारेला दोरी टेकवून ठेवायची. मासा ओढायला लागला की तार फिरायची, आतले दोन पत्रे एकमेकांना टेकायचे आणि बझर वाजायचा. रात्र रात्र जागून अंधारात दोरीकडे टक लावायची गरज संपली. आता डबीत चाक आणि चुंबक असतं, आवाज खिशातल्या यंत्रापर्यंत बिनतारी पोचतो, पण चाल तीच.

आमच्यासमोर एका आजोबांना मासा लागला. आठ-नऊ किलोचा असेल, पितळेच्या घागरीसारखा पिवळाधमक. आजोबांनी आधी गादी ओली केली, मासा तिच्यावर ठेवला, अंगावर बादलीतून पाणी घातलं, चिमट्याने गळ काढला. मग छोट्या बाटलीतून जंतुनाशकाचा एक थेंब, जिथे गळ रुतला होता त्या जखमेवर. फोटो काढला, जाळ्यातूनच पाण्यात नेला, शेपटीजवळ धरून उभा ठेवला आणि तो आपण होऊन निघाल्यावर हात सोडला.

“पोरगं पडून गुडघा फोडून घेतं तेव्हा तू फुंकर मारून मोकळा होतोस,” बायको म्हणाली. “आणि एवढं करून सोडूनच द्यायचा, तर धरला कशाला?”

आजोबांना मी तिचा प्रश्न इंग्रजीत विचारला. ते म्हणाले, पुढच्या वर्षी तो दहा किलोचा झाला असेल म्हणून.

रेडमायर म्हणजे वॉकरने आपला विक्रमी कार्प काढला ते तळं. तिथे जायचं तर लांबचा पल्ला. वेल्सच्या सीमेलगत हेरिफर्डशर, त्यात वाय नदीकाठचं रॉस-ऑन-वाय गाव, आणि तिथून पुढे लॅनगॅरनच्या आसपासचे अरुंद रस्ते. रॉसचं रेल्वे स्टेशन १९६४ सालीच बंद झालं, त्यामुळे गाडी काढण्याला पर्याय नव्हता. मुक्काम रॉसमध्ये केला. मुलूख देखणा आहे: लाल माती, सायडरच्या सफरचंदांच्या बागा, पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गाई. रस्त्यांना दोन्ही बाजूंनी एवढी उंच झुडपी कुंपणं की समोरून ट्रॅक्टर आला तर मागे मागे जात फाटक शोधावं लागतं.

तळं बर्निथन कोर्ट नावाच्या जुन्या वाड्याच्या हद्दीत आहे आणि पूर्णपणे खासगी आहे. मोजके सभासद तिथे गळ टाकतात. रेडमायर हे त्याचं खरं नावही नव्हे. पत्ता बाहेर फुटू नये म्हणून वॉकर आणि मंडळींनी ते चालवलं. जेमतेम तीन एकराचं पाणी, एका टोकाला बांध. १९३४ साली तिथे कार्पची पन्नास पिल्लं सोडली होती, पाणगवत आटोक्यात राहावं म्हणून. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. १९५१ मध्ये बॉब रिचर्ड्सने तिथे सव्वाएकतीस पौंडांचा कार्प काढला आणि अल्बर्ट बकलीचा १९३० पासूनचा २६ पौंडांचा विक्रम मोडला. बातमी वॉकरपर्यंत पोचली. कार्प कॅचर्स क्लब नावाची त्याची मोजक्या मित्रांची टोळी होती. ते एकमेकांना फिरती पत्रं लिहायचे: आमिष काय लावलं, पाणी कसं होतं, मासा कुठे दिसला. तळ्यावर बसायची परवानगी त्यांनी मिळवली.

१३ सप्टेंबर १९५२. वॉकर आणि त्याचा मित्र पीटर थॉमस रात्रभर काठावर बसलेले. आमिष पावाचं. पहाटे, अजून उजाडायचं होतं, तेव्हा बझर वाजला. काठी वॉकरने स्वतः आखलेली, दहा फुटी, बांबूच्या पट्ट्या जोडून केलेली. दोरी १२ पौंडांची. मासा निघाला ४४ पौंडांचा, म्हणजे वीस किलो. रिचर्ड्सचा विक्रम वर्षभरसुद्धा टिकला नाही. वॉकरचा २८ वर्षं टिकला. १९८० मध्ये तो मागे पडला तोही याच तळ्यात: ख्रिस येट्सने साडेएक्कावन्न पौंडांचा कार्प काढला, आणि त्याच्या हातातली काठीही वॉकरच्याच आराखड्याची होती.

आम्हाला काय दिसलं? झाडांचे शेंडे, कुंपण, एक मेंढी. “एवढ्या लांब येऊन कुंपण बघायचं?” असं बायको म्हणाली खरं, पण त्या कुंपणाला पिकलेल्या ब्लॅकबेरी लगडल्या होत्या आणि तिने डबा भरून घेतल्या. मी रस्त्याकडेला उभा राहून मान उंचावत राहिलो. कुणाच्या हद्दीत घुसायचं नाही हे ठरवूनच आलो होतो.

परतताना एका गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात थांबलो, आणि या प्रवासातली सगळ्यात मोठी भेट तिथे झाली. कोपऱ्यात मार्क फोर उभी होती. वॉकरने आखलेल्या काठ्यांमधली हीच सगळ्यांत गाजलेली. मालकाने हातात दिली. बांबूच्या सहा चिरफळ्या, प्रत्येकीची धार अशी तासलेली की सहा मिळून षटकोनी कांब होते. सांधा नखाला लागत नाही. वार्निश मधासारखं पिवळं पडलेलं, कड्या रेशमी दोऱ्याने घट्ट आवळलेल्या, आणि बुचाची मूठ एका जागी अंगठ्याने घासून काळी झालेली. कुणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षं तिथे टेकत आला होता. मी जरा हलवली. वाकणं शेंड्यापाशी संपत नाही, ते सावकाश मुठीपर्यंत उतरतं.

मालक भलताच रंगात आला. आजकालच्या पोरांना डब्या लागतात, कार्बनच्या काठ्या लागतात, वॉकरच्या काळात खरी मासेमारी होती, वगैरे. हे मी इथे बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. वॉकरला त्यांनी बांबूच्या काठीचा आणि धुक्यातल्या तळ्याचा संत करून टाकलंय. मला हे पटत नाही. ज्या डब्यांना ते नावं ठेवतात त्यांची सुरुवात वॉकरने केली. १९६०च्या दशकात फार्नबरोमध्ये कार्बन फायबर तयार झाल्यावर त्यापासून काठी बनवायच्या खटपटीतही तो होता. ज्या मार्क फोरसाठी लोक आता खिसे रिकामे करतात ती त्याला जुनाट वाटायला लागली होती. हातात चांगली वस्तू आली की जुनी बाजूला ठेवायची, हा त्याचा स्वभाव. ‘अँगलिंग टाइम्स’ साप्ताहिकात १९५३ पासून तीस वर्षं तो लिहीत राहिला आणि सांगत राहिला ते एवढंच: मासा कुठे आहे ते आधी शोधा, त्याला बुजवू नका, त्याला हवं ते द्या, तो खाईल त्या वेळी द्या, आणि लागला तर पेलेल असं सामान जवळ ठेवा. यात धुकं कुठेच नाही. मालकापुढे मी यातलं अर्धंच बोललो, कारण काठी अजून माझ्या हातात होती. किंमत ऐकून ती परत केली.

शेवटचा टप्पा लंडन. वॉकरने ४४ पौंडांचा तो मासा मारला नाही, मोठ्या कौतुकाने फोटो काढून सोडूनही दिला नाही. त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला फोन केला. त्यांची गाडी आली आणि मासा रीजंट्स पार्कातल्या मत्स्यालयात गेला. लोकांनी तिचं नाव क्लॅरिसा ठेवलं. १९७१ पर्यंत ती तिथे काचेआड होती आणि गळवाल्यांच्या दोन पिढ्यांनी तिथे जाऊन काचेला नाक लावलं. कार्प एवढा वाढतो, हे त्यांना तिथे डोळ्यांनी दिसलं. वॉकरचा निम्मा प्रचार त्या काचेने केला. तरीही तीन एकरातली मासोळी एकोणीस वर्षं टाकीत ठेवणं मला काही पचत नाही. आजचे गळवाले माशाला मलम लावून सोडतात, या एका बाबतीत ते त्याच्यापुढे गेले.

ते मत्स्यालय १९२४ साली उघडलं होतं, अस्वलांसाठी बांधलेल्या कृत्रिम डोंगराच्या पोटात. २०१९ मध्ये ते बंद झालं. आम्ही डोंगराला बाहेरून चक्कर मारली आणि मुलाला गोरिला दाखवायचे म्हणून पुढे सरकलो.

कुणाला जायचंच असेल तर: हिचिन आणि आर्लसी ही दोन्ही किंग्ज क्रॉसहून उत्तरेला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरची लागोपाठची स्टेशनं आहेत, एका दिवसात होतात. रेडमायरला आत जाता येणार नाही, तेव्हा रॉसला वाय नदीसाठी जा. इंग्लंडात गळ टाकायला तेरा वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला सरकारी परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. नद्यांवर मार्चच्या मध्यापासून १५ जूनपर्यंत बंदी असते, तळी बहुतेक ठिकाणी वर्षभर चालू. आणि कार्प घरी न्यायचं डोक्यातून काढून टाका, तळ्यावरची माणसं अंगावर येतील. कालवणाची तलफ आली तर पूर्व लंडनच्या बांगलादेशी दुकानांत गोठवलेला रोहू मिळतो. आम्ही येताना तोच घेतला.