नेब्युलायझरचा कप गळतोय, पण काउंटरवाल्याला फक्त मशीन दिसतं

बाबांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा दम लागणारा जुनाट आजार आहे. गेल्या थंडीत धाप वाढली तेव्हा डॉक्टरांनी घरीच नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणारं मशीन ठेवायला सांगितलं. ठाण्यात नौपाड्यातल्या मेडिकलमधून कॉम्प्रेसरवाला (नळीतून हवा ढकलणारा) घेतला आणि शिकायला अजिबात वेळ लागला नाही. रेस्प्यूल (एका वेळच्या औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी) फोडायची, औषध कपात ओतायचं, झाकण फिरवायचं, नळी जोडायची, मास्क लावायचा.

काही आठवड्यांनी बाबांच्या सदऱ्यावर ओला डाग दिसायला लागला. मास्कमध्ये औषधाचा धूर येत होता, मशीन घरघरत होतं, पण औषध खालून झिरपत होतं. बाबांची रेस्प्यूल अडीच मिलीची. त्यात शेवटी थोडं औषध कपाच्या तळाशी उरतंच, आणि त्यात आणखी थेंब-थेंब सांडायला लागलं तर छातीत किती पोचणार?

गळती कुठून आहे ते आधी घरीच बघून घ्या. कप पूर्ण सुकवा, आत मेडिकलमध्ये मिळणारं सलाइन घाला (नळाचं पाणी नको), नळी न लावता स्टीलच्या ताटलीत टिश्यूवर कप उभा ठेवा. झाकणाच्या आट्यांतून ओल आली तर झाकण वाकडं बसलंय, उलटं फिरवून पुन्हा लावा. मग नळी जोडून मशीन चालू केल्यावर धुरासोबत मोठे थेंब उडत असतील तर आतला छोटा पांढरा तुकडा बसलाय का पहा. हवेच्या झोताने वर ओढलेलं औषध त्याच्यावर आपटून बारीक होतं, तो नसेल तर धुराऐवजी पाणीच येतं. कपावरच्या कमाल खुणेच्या वर भरलं किंवा कप आडवा धरला तरी सांडतं. बाबांना पाठीला उशी देऊन बसवलं. आमच्या टिश्यूवर मात्र नळी जोडायच्या टोकाभोवती गोल डाग उमटला. उजेडासमोर धरलं तर तिथे केसाएवढी तडा दिसली.

मग वागळे इस्टेटमधलं कंपनीचं सर्व्हिस सेंटर. जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं खाली. काउंटरवरच्या मुलाने मशीन प्लगमध्ये लावलं, नळीच्या टोकाशी बोट धरलं आणि म्हणाला, "मॅडम, हवा चांगली येतेय, मशीन ओके आहे." मी तडा दाखवली. "कप वॉरंटीत येत नाही, कन्झ्युमेबल आहे, वापरून बदलायची वस्तू." मग विकत द्या म्हटलं, तर सुटा कप स्टॉकमध्ये नाही, ऑर्डर टाकावी लागेल, आणि त्यासाठी बॉक्सवरचा सिरियल नंबर, बिल, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड हवं. म्हणजे जी वस्तू वॉरंटीत नाही, ती पैसे देऊन घ्यायलाही वॉरंटी कार्ड! शिक्का नव्हता म्हणून मेडिकलवाल्या काकांकडे परत. शिक्का घेऊन गेले तर ऑर्डर टाकणारे साहेब बाहेर गेलेले. पुढच्या वेळी साहेब होते, सिस्टीम बंद होती. घरी माणसाला धाप लागलीय हे मी तिथे प्रत्येक वेळी सांगितलं आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं: मशीन ओके आहे. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला तेवढंच तपासायला शिकवलंय. पण ज्यातून औषध आत जातं तो भागच तपासायचा नाही, तर हे सेंटर कशासाठी उघडलंय?

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. तक्रारीचा नंबर मिळाला, सोबत बिल आणि तड्याचा फोटो जोडला. त्यानंतर कंपनीच्या मुख्य कार्यालयातून थेट फोन आला आणि नवं किट (कप, नळी, मास्क) कुरिअरने घरी आलं, फुकट. मला मनापासून आनंद झाला, आणि तो पैशांचा नव्हता. म्हणून सांगते, बॉक्स फेकू नका, आणि घेतानाच वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या.

पण तोवर थांबू नका. मी मधल्या काळात स्टेशनजवळच्या सर्जिकल दुकानातून दुसऱ्या कंपनीचं किट आणलं होतं. जाताना जुना कप आणि नळी सोबत न्या, नळीचं तोंड घट्ट बसतंय का ते दुकानातच बघा. कप वेगळ्या कंपनीचा असेल तर धूर पहिल्यासारखा बारीक येतोय ना आणि औषध नेहमीच्या वेळात संपतंय ना, तेही पहिल्या दिवशी पहा. आमचं नेहमी दहा मिनिटांच्या आसपास संपतं. तड्याला फेविक्विक मात्र लावू नका, त्या हवेतून माणूस श्वास घेतो.

नळीत पाण्याचे थेंब दिसले तर ती गळती नसते, बाष्प असतं. कप काढून नुसती नळी लावून मशीन थोडा वेळ चालवलं की सुकते. आणि बुडेसोनाइड (श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड औषध) देत असाल तर नंतर चूळ भरायला लावा आणि मास्कखालचा चेहरा ओल्या रुमालाने पुसा, नाहीतर तोंड येतं.