बेम्प्टनचा कडा: कोण वाढलं, कोण घटलं आणि जायचं कसं

"ह्ये कमी झाले म्हणतत? मगे आदी किती होते गो?"

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, बेम्प्टनच्या पहिल्याच कठड्याला टेकून आईने विचारलं आणि मला पटकन उत्तर सुचेना. समोर खडूच्या दगडाचा शंभर मीटर उंच पांढरा कडा, आणि त्यावर जिथे म्हणून पाय ठेवता येईल तिथे पक्षी. वास असा की सुक्या मासळीच्या वखारीत कोंडून घातलंय. गलका एवढा की आईला दोनदा ओरडून सांगावं लागलं, "हो, कमीच झालेत!" तिचा काही विश्वास बसला नाही. तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

मी लीड्सला राहते. बेम्प्टनला ही माझी तिसरी खेप, आईची पहिली. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे पक्ष्यांपेक्षा ते काय खातात याकडे तिचं लक्ष जास्त. त्याचा फायदाच झाला.

पहिल्या खेपेला मी केलेली चूक आधी सांगते, कारण ती पुष्कळजण करतात. ऑगस्टमधली लांब सुट्टी बघून मी महिन्याच्या मध्यावर गेले होते. रंगीत चोचीचे पफिन बघायचे होते, आणि ते जुलैअखेरीसच समुद्रावर निघून गेलेले. गिलेमॉट, रेझरबिल हे दुसरे समुद्रपक्षीही गेलेले, किटिवेकही तुरळक. कड्यावर उरले होते ते गॅनेट. दुकानात मात्र पफिनचे मग, पफिनचे टॉवेल, पफिनची मोज्यांची जोडी. तेव्हा मे अखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा हा काळ धरा. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात चांगला: अंडी, पिल्लं, मासे आणणारे आईबाप, सगळं एकाच वेळी दिसतं. आम्ही तेव्हाच गेलो.

लीड्सहून हल, आणि हलहून स्कारबराला जाणारी गाडी पकडून बेम्प्टन. स्टेशन म्हणजे फलाट आणि पाटी. माणूस नाही, चहा नाही. तिथून कडा दीड मैलावर, गावातून आणि मग शेतांमधल्या रस्त्याने. चालायला अर्धा तास पुरतो. आईबरोबर असाल आणि तिला प्रत्येक कुंपणावरचं फूल "ह्याका काय म्हणतत?" असं विचारायचं असेल तर पाऊण तास धरा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी एक स्टेशन अलीकडे ब्रिडलिंग्टनला उतरून टॅक्सी करावी. आम्ही ब्रिडलिंग्टनला रात्रभर राहिलो आणि ते बरंच झालं. कडा ईशान्येकडे तोंड करून आहे. ऊन सकाळी त्याच्यावर असतं, दुपारनंतर सावली पडते आणि फोटो निळसर येतात.

ब्रिडलिंग्टनचा धक्का संध्याकाळी बघण्यासारखा आहे. धक्क्यावर लॉबस्टर पकडायचे पिंजरे माणसाच्या डोक्याच्या वर रचलेले. युरोपात सगळ्यात जास्त लॉबस्टर या बंदरात उतरतात. आई कौतुकाने बघत होती, मग तिने विचारलं, "आणि मासो?" तीच तर मेख आहे. याच उत्तर समुद्रात हेरिंग इतकी उपसली गेली की १९७७ मध्ये तिची मासेमारीच बंद करावी लागली, आणि ती उघडायला चार ते सहा वर्षं गेली. कॉडचीही पुढे वाट लागली. आता या किनाऱ्यावरचे कोळी जगतात ते खेकड्या-लॉबस्टरवर. रात्री हॅडॉक आणि चिप्स खाल्ले. दुकानातल्या फळ्यावर मासा कुठून आला ते लिहिलं होतं: नॉर्वे. समोर समुद्र, आणि ताटातला मासा परदेशातून. आईने तो चवीने खाल्ला, पण मीठ कमी असल्याचं नोंदवलंच.

सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही कड्यावर. आत जायला तिकीट आहे, आरएसपीबी या ब्रिटनमधल्या पक्षीसंरक्षण संस्थेच्या सभासदांना लागत नाही. दुर्बीण भाड्याने मिळते. नसेल तर नक्की घ्या, दोघांत एक नको, दोघांना दोन. तिकिटाच्या जागेपासून पुढे स्वच्छतागृह नाही, हे ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा. छत्री आणू नका. आईने आणली होती. पहिल्या झोताला ती उलटी झाली, दुसऱ्याला काड्या गेल्या, आणि उरलेला दिवस मी तो सांगाडा काखेत घेऊन हिंडले. जूनमध्येही वारा न शिरणारं जाकीट आणि कानटोपी लागते.

कड्याच्या कडेने कठडे घातलेले सहा सज्जे आहेत. बहुतेक लोक सगळ्यांवर दोन-दोन मिनिटं उभे राहून पफिन शोधतात. पफिन इथे काही हजारच आहेत, आणि बिळांऐवजी खडूच्या फटींत घरं करतात, त्यामुळे दिसले तर क्षणभर. त्यांच्या मागे लागून दिवस घालवू नका. एकाच सज्जावर तासभर थांबा आणि एकाच तुकड्याकडे बघा. मग हा कडा मजल्या-मजल्यांचा दिसायला लागतो.

अरुंद फळीवर खांद्याला खांदा लावून, तपकिरी कोट घालून उभे ते गिलेमॉट. घरटं नाहीच, उघड्या दगडावर एक अंडं. जरा आडोशाला, काळ्याभोर जाड चोचीचे रेझरबिल. चाळीत पागडी न भरता घुसल्यासारखे, कड्याच्या नाकावर चिखल-गवताची वाटी चिकटवून बसलेले किटिवेक. ही कुरवांतलीच जात, पण नाजूक. पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, आणि दिवसभर स्वतःचंच नाव घेऊन ओरडणारी. आणि वरच्या अंगाला पसरलेले गॅनेट: पिवळसर डोकं, पावणेदोन-दोन मीटरचा पंखविस्तार.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. कमी झाले ते सगळे नाहीत. गॅनेट १९६९-७०च्या मोजणीच्या वेळी इथे मूठभर होते. २०१७ मध्ये तेरा हजारांवर जोड्या मोजल्या. गिलेमॉट त्याच मोजणीत, शेजारच्या फायलीचा किनारा धरून, लाखावर पक्षी. किटिवेकचं मात्र उलटं. १९८७ मध्ये इथे ८० हजारांहून अधिक जोड्या नोंदल्या गेल्या होत्या. २०१७ मध्ये, फायली धरूनही, साधारण ५१ हजार. ८७चा आकडा फुगलेला होता असं काही अभ्यासक म्हणतात, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बेम्प्टनने त्यातल्या त्यात तग धरला आहे. पण उत्तरेला ऑर्कनी-शेटलंडमध्ये २००० नंतर किटिवेक ८० टक्क्यांहून जास्त घटले, आणि तिथल्या कित्येक कड्यांवर नुसते पांढरे डाग उरलेत.

एकाच कड्यावर, एकाच समुद्रावर जगणाऱ्यांत हा फरक का, ते दुर्बिणीतूनच कळलं. एक रेझरबिल भिरभिरत आला आणि आमच्या समोरच्या फळीवर आदळल्यासारखा उतरला. चोचीत आडवे धरलेले चार-पाच बारीक, लांबट, चंदेरी मासे. आई दुर्बीण न हलवता म्हणाली, "मुडदुशे!"

मुडदुशे नव्हेत, पण घाट तोच. हे सॅण्डइल: बोटभर लांब, रात्री आणि हिवाळाभर वाळूत गाडून घेणारे, वसंतात दिवसा वर येऊन बारीक प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाणारे. उत्तर समुद्रातल्या पक्ष्यांचं पिल्लं वाढवायचं गणित या माशावर उभं आहे. आणि या माशावर दोन बाजूंनी घाव बसले. पाणी तापत गेलं तसा त्यांना आवडणारा थंड पाण्यातला पौष्टिक प्लवंग उत्तरेला सरकला आणि त्याच्या जागी दक्षिणेकडची जात आली. त्यात मासेमारी. नव्वदीच्या अखेरीस, मुख्यतः डॅनिश बोटी, उत्तर समुद्रातून वर्षाला दहा लाख टनांच्या घरात सॅण्डइल काढत होत्या. यॉर्कशरसमोरचा डॉगर बँक हा समुद्रातला उथळ वाळूचा पट्टा त्यांचं मोठं ठिकाण. आणि हे सगळं माणसाच्या खाण्यासाठीही नाही; वाळवून, दळून डुकरांना आणि पाळलेल्या सामन माशांना. आईला याचं नवल वाटलं नाही. "आमच्याकडे बारकी तारली माडाच्या मुळात घालीत," ती म्हणाली, "पण ती जास्त गावली तर."

गिलेमॉट शंभर मीटरपर्यंत बुडी मारतो. गॅनेट तीस मीटर उंचीवरून बाणासारखा पाण्यात घुसतो, शेकडो किलोमीटर लांब जातो आणि बांगड्याएवढा मासाही गिळतो. एक नाही मिळाला तर दुसरा. किटिवेक बिचारा पाण्याच्या वरच्या हातभर थरातच चोच मारणारा. सॅण्डइल वर आले नाहीत, किंवा उशिरा आले, की त्याला पर्याय नाही.

म्हणून किटिवेकच्या घरट्यांवर ही एक गोष्ट बघा. पिल्लं असताना जोडीतला एक घरी आणि एक समुद्रावर, ही रीत. दोघंही गायब आणि पिल्लू एकटं असेल तर समजायचं की अन्न लांब गेलंय. आम्ही बघितलेल्या तुकड्यात बहुतेक घरट्यांवर कोणी ना कोणी होतं. एका वाटीत मात्र दोन करडी पिल्लं एकमेकांत डोकं खुपसून बसली होती. तासभरात कुणी आलं नाही. शेजारणीने मान लांब करून त्यातल्या एकाला टोचलं. आईने दुर्बीण खाली ठेवली. सव्वा तासाने एक पक्षी उतरला, पिल्लांनी त्याच्या चोचीला झोंबायला सुरुवात केली, तेव्हा ती पुन्हा उचलली.

२६ मार्च २०२४ पासून इंग्लंडच्या उत्तर समुद्रातल्या हद्दीत आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात सॅण्डइलची मासेमारी बंद आहे. युरोपीय संघ त्याविरुद्ध लवादात गेला. २०२५ मध्ये लवादाने स्कॉटलंडचा निर्णय उचलून धरला, इंग्लंडच्या निर्णयप्रक्रियेत खोट काढली, पण बंदी राहिली. माझ्या मते हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. अर्थात पाणी तापायचं थांबलेलं नाही, त्यामुळे किटिवेक लगेच वाढतील अशी पैज मी लावणार नाही.

माझी दुसरी खेप २०२२ची, बर्ड फ्लूच्या उन्हाळ्यातली. तेव्हा आजारी पक्ष्याला हात लावू नका अशा पाट्या जागोजागी होत्या आणि खाली पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगताना दिसायचं. तेव्हा जगातली सगळ्यात मोठी असलेली गॅनेट वसाहत, स्कॉटलंडची बास रॉक, त्या साथीत जवळपास तिसऱ्या हिश्श्याने उतरली. जगले-वाचलेल्या काही गॅनेटांच्या फिकट निळ्या डोळ्यांची बुबुळं काळी पडली. यावेळी स्टेपल न्यूक नावाच्या सज्जावरून, जिथे खडूच्या कमानीवर गॅनेट दाटीने बसतात, मी मुद्दाम डोळे बघत होते. एक काळ्या डोळ्याचा सापडला. शेजारी बसलेल्या जोडीदाराची मान तो चोचीने विंचरत होता.

या कड्याने माणसाचाही जाच सोसलाय. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने शिकारी यायचे, बोटीतून नुसत्या मौजेखातर गोळ्या झाडायचे. किटिवेकचे पंख बायकांच्या टोप्यांवर जायचे. धुक्यात पक्ष्यांच्या ओरडण्यावरून कडा जवळ आल्याचं कळतं म्हणून खलाशी त्यांना 'फ्लॅम्बराचे पायलट' म्हणत; फ्लॅम्बरा म्हणजे शेजारचं भूशिर. याविरुद्ध लोकांची ओरड झाली आणि १८६९ मध्ये समुद्रपक्ष्यांसाठी कायदा आला. अंडी काढणारे गावकरी मात्र दोराला लोंबकळत १९५४ पर्यंत उतरत होते.

बोटीने खालून बघायचं असेल तर ब्रिडलिंग्टनहून 'यॉर्कशर बेल' सुटते. पक्ष्यांसाठीच्या फेऱ्या ठरावीक दिवशीच असतात, आधी जागा राखा, आणि हवा बिघडली की रद्द होते हे गृहीत धरून दुसरा दिवस मोकळा ठेवा. ज्यांना बोट लागते त्यांनी वरूनच बघावं. न्यूकासलला जाणं असेल तर टाइन ब्रिजखाली मान वर करून बघा: समुद्रापासून आठ-दहा मैल आत, पुलावर आणि आसपासच्या इमारतींवर किटिवेक घरटी करतात. जगात समुद्रापासून इतक्या आत ते कुठेच वीण घालत नाहीत.

निघायच्या आधी मी पहिल्या खेपेचा एक फोटो मोबाइलवर काढला आणि त्याच खांबाशी उभं राहून तोच तुकडा पुन्हा टिपला. तुम्हीही एखादा खांब ठरवून घ्या, पण महिनाही तोच धरा. माझा पहिला फोटो ऑगस्टचा, त्यामुळे तुलनेला काही उपयोगाचा नाही, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं. आईला ते पटलं नाही. तिने यंदाच्या फोटोतल्या किटिवेकच्या वाट्या बोटाने मोजायला घेतल्या. चौतिसाव्या वाटीशी एक गॅनेट मध्ये आला, ती चुकली, पुन्हा पहिल्यापासून. गाडी साधारण तासाला एक असते आणि रविवारी त्याहून विरळ, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. आमची तोवर गेली होती.