शिमला ते मनाली व्हाया काझा: सायकलवर किन्नौर-स्पिती

हिमाचलातलं स्पिती खोरं सायकलवर करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, रोज किती किलोमीटर मारायचे? माझं स्पष्ट मत आहे की तिथे हा हिशोब कामाचा नाही. नाको ते ताबो साधारण ६५ किमी, म्हणजे आपलं पुणे-लोणावळा, रविवारी सकाळी जाऊन मिसळ खाऊन येतो तेवढं. पण तिकडे दिवस ठरतो तो रात्री किती उंचीवर झोपणार आणि नाला किती वाजता ओलांडणार यावर. या दोन गोष्टी आधी कागदावर मांडा, किलोमीटर आपोआप बसतात.

आम्ही तिघं सप्टेंबरमध्ये गेलो, मुद्दाम. जुलै-ऑगस्टला स्पितीत पाऊस जवळजवळ नसतो, डोंगरांच्या पावसाच्या सावलीत आहे ते सगळं, पण तिथे पोचायला आधी किन्नौरमधून जावं लागतं आणि किन्नौरमध्ये पावसाळ्यात कडा कधी खाली येईल सांगता येत नाही. जूनमध्ये कुंझुम, म्हणजे स्पितीतून मनालीकडे उतरायची खिंड, नुकता उघडलेला असतो, नाल्यांना बर्फाचं पाणी भरपूर. सप्टेंबरला पाणी उतरलेलं, किन्नौरच्या बागांत सफरचंदाची तोडणी चालू, रात्री थंडी आहे पण सोसवते. ऑक्टोबर लागला की कुंझुमचा भरवसा धरू नका.

दिशा कुठली? शिमल्याकडूनच चढा, मनालीकडून नको. मनाली २०५० मीटरच्या आसपास, तिथून रोहतांगची खिंड ३९७८ आणि लगेच पुढे कुंझुम ४५५१, म्हणजे शरीराला कळायच्या आत डोकं ठणकायला लागतं आणि मग लोक म्हणतात स्पिती झेपलं नाही. शिमल्याकडून नदीच्या काठाकाठाने हळूहळू वर सरकतो. उंचीचा त्रास अडीच हजारच्या वर कुठेही होऊ शकतो म्हणून त्यापुढे एका रात्रीत झोपायची उंची शक्यतो ५०० मीटरच्या वर वाढवू नका, आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते आपल्या डॉक्टरला घरूनच विचारून जा, सल्फाची ॲलर्जी असेल तर विशेष.

शिमला ते रामपूरबद्दल फार लिहीत नाही. ट्रॅफिक आहे, धूर आहे, नारकंड्याला (२७०० मीटर) जरा बरं वाटतं आणि मग तिथून सतलजपर्यंत दीड हजार मीटरपेक्षा जास्त उतार, कष्टाने कमावलेली उंची तासाभरात उधळायची. खाली रामपूर हजार मीटरवर, सप्टेंबरमध्येही घामाच्या धारा. पुढे झाकडी, वांगतू, करछम सगळीकडे जलविद्युत प्रकल्प, बोगदे आणि डंपर. नाथपा-झाकडी एकटा १५०० मेगावॉटचा आहे. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, आणि डंपर मागून आला तर हिरोगिरी न करता सरळ उतरून डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या नाही.

रिकाँग पिओ २२९० मीटरवर, म्हणजे आपलं कळसूबाई (१६४६) केव्हाच खाली राहिलेलं. पण झोपायला वर कल्पाला जा, २९६० मीटर. चढ जीव काढतो, कबूल, पण पुढच्या नाकोसाठी ही रात्र फार उपयोगी पडते आणि सकाळी खिडकीत किन्नर कैलास असतो तो वेगळाच. भारतीयांना या रस्त्याला परमिट लागत नाही, ओळखपत्र मात्र वरच ठेवा, चेकपोस्टवर नोंद होते. अमेरिकेहून वगैरे येणारे मित्र परदेशी पासपोर्टवाले असतील तर त्यांना परमिट लागतं, ते पिओलाच करून घ्या.

पिओच्या पुढे झाडं कमी होत जातात. आधी देवदार संपतो, मग चिलगोज्याची झाडं विरळ होतात आणि पूह मागे टाकेपर्यंत नुसता दगड, खाली सतलज. आणि मग खाब. इथे स्पिती नदी सतलजला मिळते, सतलज 'शिपकी ला' या खिंडीकडून तिबेटातून येते, दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसतात आणि थोडं अंतर ते वेगळेच वाहतात. पुलावर थांबा, पण पाणीही भरून घ्या आणि जे काय खायचं ते इथेच खा, कारण पुलापलीकडे 'का'चे लूप, म्हणजे एकावर एक वळणं, सुरू होतात आणि नाकोपर्यंत भरवशाचं काही मिळत नाही. खाब २४०० च्या आसपास, नाको ३६६० च्या आसपास, म्हणजे बाराशे मीटर एका दमात, वर सावलीला एक झाड नाही. एका वळणावरून खाली बघितलं तर आपणच तासाभरापूर्वी चढलेले रस्ते एकाखाली एक दिसतात आणि वर बघितलं तर अजून तेवढेच. माझी पुढची चकती २२ दातांची आणि मागे ३६, म्हणजे अगदी हलका गिअर, तरी शेवटच्या भागात ढकलली, आणि ढकलण्यात लाज काहीही नाही. पिओपासून नाको एका दिवसात करू नका, स्पिलो किंवा पूहला मुक्काम टाका आणि खाबच्या पुलावर सकाळी लवकर या.

लवकर या म्हणतोय त्याचं कारण फक्त ऊन नाही. दुपारी बारा-एकनंतर दरीत वारा सुटतो आणि वाऱ्याने वरचे सुटे दगड निखळतात. आधी बारीक खडे टकटक करत येतात, मग मुठीएवढे. 'शूटिंग स्टोन'ची पाटी दिसली की फोटोला थांबायचं नाही, एक माणूस पुढे जाणार, बाकीचे वर बघत उभे, तो पोचला की दुसरा. हेल्मेट चढावरही काढू नका. नाकोनंतरचा मलिंग नालाही याच वेळापत्रकात बसवा.

चांगोला सफरचंद घ्या. आम्ही बागेच्या कडेला किलोभर मागितली तर बाईंनी पिशवी गच्च भरली, पैसे किलोचेच घेतले आणि वर "ऊपर कुछ नहीं मिलेगा" म्हणून अजून चार खिशात कोंबली. सुमदोला पारेछू नदी मिळते, दिसायला साधी. पण २००४ मध्ये तिबेटात कडा कोसळून तिच्यावर तलाव तयार झाला, तो २००५ च्या जूनमध्ये फुटला आणि किन्नौरातले पूल वाहून गेले. नदीकाठची सपाट वाळू तंबूला कितीही छान दिसली तरी मी तिथे तंबू टाकत नाही, त्याचं कारण हे.

ताबोला (३२८० मीटर) एक दिवस आराम करा. तिथला गोंपा (बौद्ध मठ) ९९६ सालचा आहे, बाहेरून मातीच्या साध्या भिंती, आत अंधारात भिंतभर चित्रं. टॉर्च न्या, फोटो काढायला बंदी आहे. ताबो-काझा ४७ किमी सोपे, वाटेत शिचलिंगहून धनकर गोंपाचा फाटा. पायात दम असेल तर सामान खाली ढाब्यावर ठेवून रिकाम्या सायकलने वर जाऊन या.

काझाला पैसे काढा, पण एटीएमवर विसंबून घरून रिकाम्या खिशाने येऊ नका. सिग्नलचंही तसंच, काझाला आहे, लोसारपुढे नाही, त्यामुळे घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ते उगाच घाबरणार नाहीत. कीह, किब्बर, चिचम पूल, हिक्कीमचं पोस्ट ऑफिस, हे सगळं काझाला तळ ठेवून करता येतं आणि त्यात शरीरही उंचीला सरावतं, म्हणून घाई करू नका. चिचमवरून हंसाकडे उतरून लोसार गाठायचा रस्ता मला खालच्या हायवेपेक्षा जास्त आवडला.

लोसार ते ग्राम्फू हा सगळ्यात अवघड भाग. कुंझुमचा चढ १८-१९ किमी, वर देवीचं देऊळ, गाड्या प्रदक्षिणा घालून पुढे जातात, आम्हीही सायकलने घातली. पलीकडे उतार आहे म्हणून खूष होऊ नका, बातालपर्यंत खडीवरून ब्रेक दाबून दाबून बोटं आखडतात. बाताल ते छत्रू ३२ किमी, आम्हाला अख्खा दिवस गेला. रस्ता कसला, चंद्रा नदीच्या काठचे गोटे, आणि मध्ये नाले. हिमनदी उन्हाने वितळते आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं, सकाळी सातला घोट्याएवढा असलेला नाला तीन वाजता मांडीपर्यंत येतो. बातालहून उजाडताच निघा. नाल्यापाशी आधी पॅनिअर (कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्या) काढून वेगळ्या खेपेत न्या, पायात फ्लोटर्स, बूट गळ्यात, कारण ओले बूट तिथे दोन दिवस वाळत नाहीत. सायकल आपल्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी वाहतं त्या बाजूला धरा, वरच्या अंगाला धरली तर प्रवाह ती तुमच्याच पायावर आणून आदळतो. पाय उचलून टाकू नका, घासत सरकवा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर सरळ थांबा किंवा पिकअपला हात करा, तिथले ड्रायव्हर थांबतात.

सायकलचं म्हणाल तर भारीतली लागत नाही, टायर मात्र निदान १.७५ इंची घ्या आणि खराब रस्त्यावर हवा थोडी कमी करा. कॅरिअरचे बोल्ट सुटतात, रोज संध्याकाळी हात फिरवून घट्ट करा आणि दोन-चार जादा ठेवा. डिरेलर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा), स्पोक, चेनची लिंक आणि ब्रेक पॅडचे दोन जोड घरूनच न्या, तुमच्या मापाचं तिकडे मिळेलच असं नाही. आमच्यातल्या एकाचे नवे पॅड धुळीने काझापर्यंतच संपले होते.

ग्राम्फूहून रोहतांगचा चढ, आणि मग मनालीपर्यंत पन्नासेक किमी उतार. पॅड रोहतांगलाच बदला, खाली वाटेत नाही. मनालीला बस पकडण्याआधी सायकल धुवा, चिखल लागलेली सायकल बघून डिकीत घेताना कटकट होते आणि भाडं वाढतं. पेडल काढा, हँडल वळवा, जुनी चादर गुंडाळा आणि चेनची बाजू वर येईल अशी आडवी ठेवा, वर दुसऱ्या कुणाची बॅग येणार नाही हे स्वतः उभं राहून बघा.