लग्न डिसेंबरात, टॅक्स वर्षभराचा

आमचं लग्न साताऱ्यात २०२३ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झालं, कारण मला सुट्टी तेव्हाच मिळाली. मी न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. बायको तोवर पुण्यात नोकरी करत होती, फेब्रुवारीत एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, इकडे आली. मार्चमध्ये टॅक्स भरायला बसलो आणि पहिल्याच प्रश्नावर अडलो: सिंगल की मॅरिड?

हात सवयीने 'सिंगल'कडे गेला होता. वर्षातले जेमतेम चार दिवस आम्ही नवरा-बायको होतो! पण इथला आयकर ३१ डिसेंबरला तुम्ही कोण होतात, एवढंच बघतो. त्या दिवशी लग्न झालेलं असलं की वर्षभर विवाहित. मूलबाळ नाही, माझ्यावर अवलंबून दुसरं कुणी नाही, त्यामुळे आमच्यापुढे दोनच वाटा: जॉइंट (दोघांचं मिळून एकच रिटर्न) किंवा सेपरेट (ज्याचं त्याचं वेगळं). आपल्याकडे ही भानगडच नाही, ज्याचं पॅन त्याचं रिटर्न. गोवा, दमण-दीवसारख्या भागांत तेवढं जुन्या पोर्तुगीज कायद्यामुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरतात.

२०२३ साठी दोन्ही बाजूंनी आकडे मांडले. माझा पगार १,१०,००० डॉलर. सेपरेट भरलं तर स्टँडर्ड डिडक्शन १३,८५० आणि टॅक्स जवळपास १६,५००. जॉइंटमध्ये डिडक्शन दुप्पट, २७,७००, आणि स्लॅबही रुंद. फक्त मेख अशी की बायको २०२३ मध्ये अमेरिकेत नव्हतीच. जॉइंट भरायचं तर 'आम्हा दोघांनाही वर्षभर इथलेच रहिवासी समजा' असं लिहून, दोघांच्या सह्या करून रिटर्नला जोडावं लागतं. एकदा ते लिहून दिलं की तिची जगभरातली कमाई इथे दाखवायची.

"म्हणजे माझा पुण्याचा पगार पण?"

पगार तर आलाच, शिवाय एफडीचं व्याज आणि पीपीएफचंही. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे त्याला माफी नाही, हे तिला पटवता पटवता माझा चहा गार झाला. तिची एसआयपी होती. भारतीय म्युच्युअल फंडांना इथे वेगळे, किचकट नियम आणि वेगळा फॉर्म आहे; रक्कम लहान म्हणून आम्ही त्या फॉर्मातून सुटलो. सगळं मिळून साडेनऊ लाख रुपये, म्हणजे साधारण साडेअकरा हजार डॉलर. ते धरूनही जॉइंटचा टॅक्स सव्वाअकरा हजारच्या आसपास आला. सव्वापाच हजार डॉलर वाचत होते, आणि तिने भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट अजून धरलंच नव्हतं.

मी खूश, पण ती सही करायला तयार नाही. "यात तुझ्या हातून काही चुकलं, तर नोटीस मलाही येणार?" हो, येणार. जॉइंट रिटर्नवर सही केली की पूर्ण कराची जबाबदारी दोघांची, कमाई कुणाचीही असो. तिचा प्रश्न रास्त होता. मग एका रविवारी मी माझे सगळे कागद तिच्यासमोर पसरले, अगदी क्रेडिट कार्डाच्या बिलासकट. आता सेपरेट भरून पुढे तीन वर्षांच्या आत जॉइंटमध्ये बदलता येतं, हेही सांगितलं. उलटं मात्र रिटर्न भरायची मुदत संपल्यावर चालत नाही. तिने ते स्वतः वाचून खात्री केली, मगच सही.

तिला एच-४ वर नोकरीची परवानगी मिळालेली नव्हती, त्यामुळे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून आयटीआयएन, म्हणजे तो नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा कर क्रमांक, काढायचा. त्याचा अर्ज, फॉर्म डब्ल्यू-७, रिटर्नच्या वर लावून छापील कागदावरच द्यावा लागतो. सोबत मूळ पासपोर्ट आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, ऑस्टिनमधल्या कार्यालयात पोस्टाने पाठवण्याची सोय आहे. नुकत्याच आलेल्या बायकोचा पासपोर्ट पोस्टात टाकायचा? मी नाही म्हटलं. फोन करून आयआरएसच्या मदत केंद्राची वेळ घेतली. तिथे पासपोर्ट डोळ्यांदेखत बघून लगेच परत देतात आणि कागद पुढे पाठवतात.

काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, एक बोट तिच्या नावावर ठेवलं, दुसरं माझ्या रिटर्नवर, आणि माझ्याकडे बघितलं. पासपोर्टवर माहेरचं आडनाव. मी रिटर्नवर हौसेने माझं लावलेलं! बायको मराठीत पुटपुटली, "मला न विचारता बारसं केलंस होय?" घरी येऊन सगळं पुन्हा छापलं, पुन्हा सह्या, पुन्हा वेळ घेतली. १५ एप्रिलची मुदत कशीबशी गाठली.

आयटीआयएनचं पत्र यायला दहाएक आठवडे लागले. रिफंड त्यानंतर. गडबडीत बँकेचा खाते क्रमांक लिहायचा राहून गेल्याने तो चेकने आला, दोघांच्या नावाने. माझं खातं एकट्याचं. जॉइंट खातं उघडायला बँकेत गेलो, तर समोरच्या मुलाने हात पुढे करून पहिल्यांदा तिचा पासपोर्टच मागितला.